की वेस्टचे वकीलसाहेब : एका कॅथलिक नौदलमंत्र्याची कहाणी

इसवी सन १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची अर्पणपत्रिका आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्यांच्या सन्मानार्थ जोतीरावांनी तो ग्रंथ अर्पण केला होता. पुण्यात बसलेल्या माणसाने सातासमुद्रापलीकडच्या मुक्तिलढ्याशी आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांचे नाते जोडावे, ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात, अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतातील पेन्साकोला नावाच्या बंदरगावी एक वयस्क वकील मरण पावले. त्यांना तेथील संत मायकलच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. ते श्रद्धावान कॅथलिक होते. परदेशात जन्मलेले, विधवा मातेने कष्टाने वाढविलेले, स्वतःच्या बुद्धीच्या बळावर सिनेटपर्यंत आणि पुढे मंत्रिपदापर्यंत पोहोचलेले गृहस्थ होते. त्यांचे नाव स्टीफन रसेल मॅलरी. जोतीरावांनी ज्यांचा गौरव केला त्यांच्याविरुद्ध चार वर्षे लढलेल्या राज्याचे ते नौदलमंत्री होते.

काही वर्षांपूर्वी एका युवा मेळाव्यात ‘उच्चपदी पोहोचलेले आपले लोक’ या विषयावर भाषण ऐकण्याचा योग आम्हांला आला. न्यायाधीश, सेनाधिकारी, मंत्री अशी नावे एकामागून एक येत होती आणि प्रत्येक नावावर टाळ्या पडत होत्या. मॅलरी यांचे नाव त्या यादीत नव्हते; पण असते तर ते शोभून दिसले असते आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. तेव्हापासून हे चरित्र आमच्या मनात घोळत आहे. नांदेड-लातूरकडच्या आमच्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेरचे जिणे आणि वेठबिगार भोगलेली आहे. अशा घरांतील मुले आज वकिलीचे शिक्षण घेतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. त्यांच्यासमोर हे चरित्र ठेवावयाचे तर ते पूर्ण ठेविले पाहिजे.

मॅलरींच्या आधी त्यांच्या आईविषयी सांगावयास हवे. एलन रसेल ही आयर्लंडमधील वॉटरफर्डकडच्या कॅरिक-ऑन-शूर गावची कॅथलिक मुलगी. आईबाप लवकर गेले. मळेवाल्या मामा-काकांनी तिला वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर नेले. तेथे कनेक्टिकटहून आलेल्या चार्ल्स मॅलरी नावाच्या बांधकाम अभियंत्याशी अगदी कोवळ्या वयात तिचे लग्न झाले. १८१२-१३ च्या सुमारास पोर्ट ऑफ स्पेन येथे स्टीफनचा जन्म झाला. त्रिनिदाद तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. म्हणजे पुढे अमेरिकेचा सिनेटर झालेला हा मुलगा ब्रिटिश मुलखात जन्मला होता. कुटुंब अमेरिकेत आले आणि १८२० च्या सुमारास फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट या चिमुकल्या बेटावर स्थिरावले. थोड्याच काळात क्षयाने चार्ल्स गेले, थोरला मुलगाही गेला. एलनबाई आणि धाकटा स्टीफन एवढीच उरली.

एलनबाईंनी खलाशांसाठी खानावळ आणि मुक्कामाची सोय असलेले घर चालविले. की वेस्टला पिवळ्या तापाची साथ वारंवार येत असे. परके, नातलग नसलेले खलाशी तापाने फणफणत असता ही बाई त्यांच्या उशाशी बसून शुश्रूषा करी. तिची आठवण त्या बेटावर पुढे कित्येक वर्षे कृतज्ञतेने काढली जात असे. शिल्लक पडलेल्या पैशातून तिने मुलाला दूर पेनसिल्व्हेनियात, नाझरेथ नावाच्या गावी, मोरेव्हियन पंथीयांच्या शाळेत पाठविले. मोरेव्हियन हे प्रॉटेस्टंट. पण तेथे राहूनही स्टीफन आपल्या आईच्या धर्मात टिकून राहिला, आणि त्या शाळेविषयी आयुष्यभर आदराने बोलत राहिला. तीनेक वर्षांनी पैसे संपले. १८२९ च्या सुमारास मुलगा घरी परतला. तेवढेच त्याचे शालेय शिक्षण. आमच्या भागात एखादी माउली दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून मुलाला औरंगाबादच्या बोर्डिंगात ठेवत असे, तिची आठवण येथे कोणाला झाल्यास नवल नाही.

पुढची वाट समुद्राने दाखविली. की वेस्टभोवती पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. मेक्सिकोच्या आखातातून कापूस, साखर, इमारती लाकूड घेऊन निघालेली जहाजे त्यांवर आदळून फुटत. बेटावरील लोक होड्या घेऊन धावत, आधी माणसे वाचवीत आणि मग माल. वाचविलेल्या मालातील किती हिस्सा वाचविणाऱ्यांचा आणि किती मालकाचा, हे सागरी न्यायालय ठरवी. साहजिकच त्या एवढ्याशा गावात वकिलांना काम भरपूर असे. स्टीफनने कस्टम खात्यात निरीक्षकाची नोकरी धरली आणि विल्यम मार्विन या विद्वान कायदेपंडिताच्या हाताखाली कायदा वाचण्यास आरंभ केला. दिवसा बंदरातील जहाजे तपासावयाची, रात्री कायद्याची पुस्तके. हेच मार्विन पुढे तेथील न्यायाधीश झाले आणि फुटलेल्या जहाजांच्या कायद्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. महाविद्यालयाची पायरीही न चढलेला हा तरुण जहाजाची बांधणी, त्याची दुर्बल स्थाने, विम्याचे व्यवहार, कप्तानांच्या लबाड्या हे सारे एकेका खटल्यातून शिकला. मध्यंतरी सेमिनोल आदिवासींविरुद्धच्या युद्धात त्याने लहान बोटीवर चाकरी केली. १८३८ मध्ये पेन्साकोलाच्या एका स्पॅनिश वंशाच्या प्रतिष्ठित कॅथलिक घराण्यातील अँजेला मोरेनो हिच्याशी त्याचा विवाह झाला. कौंटी न्यायाधीश, मग १८४५ मध्ये बंदराचा मुख्य कस्टम अधिकारी, असे करीत १८५१ मध्ये मॅलरी अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. ज्यांचा त्यांनी पराभव केला ते डेव्हिड यूली हेही वेस्ट इंडीजमध्येच जन्मलेले. स्थलांतरितांच्या मुलांना ते राज्य किती मोकळे होते हे यावरून दिसते. मात्र मुलाची त्वचा गोरी असली पाहिजे, ही अट होती.

सिनेटमध्ये त्यांना नौदलविषयक समितीत स्थान मिळाले आणि पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. शिडांचा काळ संपत आला आहे, वाफेवर चालणारी जहाजे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. १८५४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वाफेवर चालणाऱ्या सहा मोठ्या युद्धनौकांना मंजुरी दिली, त्यामागे मॅलरींचाही जोर होता. त्यांपैकी एकीचे नाव ‘मेरिमॅक’. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

समितीतील त्यांचे काम कष्टाळू होते यात शंका नाही. तथापि दोन गोष्टी आम्हांला अडखळवितात. पहिली : नौदलातील चाबकाच्या फटक्यांची शिक्षा १८५० मध्ये कायद्याने रद्द झाली होती, ती पुन्हा सुरू करावी असे भाषण मॅलरींनी सिनेटमध्ये केले. ज्या आईने तापाने विव्हळणाऱ्या खलाशांच्या अंगावर पांघरूण घातले, तिच्या मुलाला खलाशांची पाठ चाबकासाठी मोकळी हवी होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १८६० च्या वसंतात अमेरिकन नौदलाने क्यूबाजवळ ‘वाइल्डफायर’, ‘विल्यम’ आणि ‘बोगोटा’ ही तीन चोरटी गुलामवाहू जहाजे पकडली. त्यांतील सुमारे १,४०० आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुले की वेस्टला उतरविण्यात आली. तळघरात मेंढरांसारखे कोंबून आणलेले हे जीव भुकेने व रोगाने इतके खंगले होते की, त्यांपैकी जवळजवळ ३०० जण त्या बेटावरच मेले आणि समुद्रकाठच्या वाळूत पुरले गेले. उरलेल्यांना आफ्रिकेतील लायबेरियाकडे रवाना करण्यात आले. ही घटना मॅलरींच्या स्वतःच्या गावी घडली. गुलामांचा सागरी व्यापार गुन्हा आहे, पण जमिनीवरील गुलामगिरी कायदेशीर आहे, ही त्या काळच्या कायद्याची रचना वकील असलेल्या मॅलरींना पाठ होती. तिच्यातील विसंगती त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर उघडी पडली होती. ते मात्र सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या गुलामगिरीची बाजूच मांडीत राहिले.

येथे कोणी म्हणेल, एकट्या मॅलरींना दोष का? ख्रिस्तसभेने त्यांना काय शिकविले होते? हा प्रश्न धर्मगुरू म्हणून आम्हांला टाळता येत नाही.

३ डिसेंबर १८३९ रोजी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी, पोप सोळावे ग्रेगरी यांनी एक पत्र काढले. आदिवासी, निग्रो किंवा इतर कोणाही माणसांना अन्यायाने दास्यात लोटू नये, त्यांचा व्यापार करू नये, अशी त्यात स्पष्ट आज्ञा होती. शब्द नि:संदिग्ध होते. पण अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांचा अर्थ लावला गेला. चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड हे आयरिश, विद्वान आणि दयाळू गृहस्थ. पोपमहोदयांनी निषेध केला आहे तो आफ्रिकेतून होणाऱ्या व्यापाराचा, घरोघरच्या गुलामगिरीचा नव्हे, असे त्यांनी पत्रमालिका लिहून प्रतिपादन केले. त्याच्या एकच वर्ष आधी, १८३८ मध्ये, मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम विकून टाकले होते व त्या पैशाचा एक भाग जॉर्जटाऊनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला होता. फ्लोरिडाचा कारभार पाहणारे बिशप ऑगस्टीन व्हेरो यांनी ४ जानेवारी १८६१ रोजी सेंट ऑगस्टीन येथे प्रवचन केले. गुलाम बाळगणे नैसर्गिक नियमाविरुद्ध नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच दमात मालकांनाही बजावले की गुलामांचे विवाह तोडू नका, त्यांच्या स्त्रियांची अब्रू राखा. प्रवचन छापून वाटले गेले. लोकांनी पहिला भाग उचलून धरला आणि दुसरा विसरून गेले. (बिशप व्हेरो यांच्याबाबत न्याय करावयाचा तर हेही नमूद केले पाहिजे की, युद्धानंतर त्यांनी फ्रान्समधून संत योसेफच्या धर्मभगिनी आणून मुक्त झालेल्या काळ्या मुलांसाठी शाळा उघडल्या.)

दुसरा आवाज नव्हता असे मात्र नाही. मॅलरींच्या आईच्या आयर्लंडमधूनच डॅनिअल ओकॉनेल यांनी अमेरिकेतील आयरिश बांधवांना गुलामगिरीविरुद्ध उभे राहण्याचे कळकळीचे आवाहन केले होते. सिनसिनाटीचे आर्चबिशप जॉन पर्सेल यांनी युद्धकाळात उघडपणे मुक्तीची बाजू घेतली. म्हणजे सत्य ऐकू येत नव्हते असे नाही. ते गैरसोयीचे होते.

१० जानेवारी १८६१ रोजी फ्लोरिडाने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला. मॅलरी जहाल नव्हते. समेट व्हावा असे त्यांना वाटत होते. पेन्साकोलाच्या पिकन्स किल्ल्यावर हल्ला करू नये, असा सल्लाही त्यांनी दिला, आणि त्यापायी त्यांच्याच प्रांतातील लोकांनी त्यांच्यावर संशय घेतला. पण २१ जानेवारीला त्यांनी सिनेटचा निरोप घेतला आणि फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी त्यांना नौदलमंत्री नेमले. त्याच मार्चमध्ये नव्या राज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथे जाहीर सांगितले की, निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व आमच्या शासनाची कोनशिला आहे. आपण कोणाची चाकरी पत्करली आहे, याविषयी मंत्रिमंडळातील कोणालाही भ्रम राहण्याचे कारण नव्हते.

मंत्री म्हणून मॅलरींच्या हाती काय आले? अधिकारी शेकड्यांनी आले, जहाजे जवळजवळ नव्हतीच. मोठ्या तोफा व लोखंडी पत्रे घडवू शकेल असा एकच मोठा कारखाना, रिचमंडचा ट्रेडेगर. तेथेही अनेक कामगार गुलाम होते. समोर अब्राहम लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी सुमारे ३,५०० मैलांच्या किनाऱ्याची नाकेबंदी पुकारली. मॅलरींनी ओळखले की, लाकडी जहाजांच्या संख्येत उत्तरेशी बरोबरी अशक्य आहे. तेव्हा १० मे १८६१ रोजी त्यांनी आपल्या काँग्रेसच्या समितीला लिहिले की, लोखंडी चिलखताचे जहाज ही आपली पहिली गरज आहे. असे एक जहाज शत्रूच्या अनेक लाकडी जहाजांना पुरून उरेल.

उत्तरेच्या नौदलाने नॉरफोकजवळची गोदी सोडताना ‘मेरिमॅक’ जाळून बुडविली होती. मॅलरींच्या माणसांनी तिचा सांगाडा वर काढला. ज्या जहाजाला त्यांनी सिनेटर म्हणून पैसे मंजूर करविले, त्याच्याच कमरेवर ब्रूक आणि पोर्टर या अधिकाऱ्यांनी उतरत्या छपराच्या घरासारखी रचना उभारली : सुमारे दोन फूट जाड लाकूड आणि त्यावर चार इंच लोखंड. नाव दिले ‘व्हर्जिनिया’. ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात या जहाजाने ‘कंबरलँड’ला धडक देऊन बुडविले आणि ‘काँग्रेस’ला आग लाविली. शत्रूच्या तोफगोळ्यांना ते दाद देईना. त्या एका दुपारी अडीचशेच्या आसपास खलाशी मेले. दुसऱ्या दिवशी उत्तरेचे ‘मॉनिटर’ आले. त्याचा रचनाकार जॉन एरिक्सन हाही स्थलांतरितच, स्वीडनहून आलेला. दोन लोखंडी जहाजे चार तास एकमेकांवर गोळे झाडीत राहिली आणि कोणीच हरले नाही. जगातील सर्व लाकडी आरमारे त्या दोन दिवसांत जुनी झाली. दोन महिन्यांनी नॉरफोक सोडावे लागले तेव्हा ‘व्हर्जिनिया’ तिच्याच खलाशांनी उडवून दिली.

मॅलरींची कल्पकता एवढ्यावर थांबली नाही. पाणसुरुंग, नद्यांतील चिलखती नौका, इंग्लंडमध्ये गुप्तपणे जहाजे बांधून घेणे, या सर्व वाटा त्यांनी चोखाळल्या. लिव्हरपूलला बसलेले त्यांचे हस्तक जेम्स बुलक यांनी ‘अलाबामा’ हे जहाज व्यापारी जहाजाच्या मिषाने बर्कनहेडहून बाहेर काढले. त्याचे कप्तान राफाएल सेम्स हेही कॅथलिक आणि वकिलीचे शिक्षण घेतलेले. या जहाजाने दोन वर्षांत उत्तरेची साठाहून अधिक व्यापारी जहाजे पकडली. आपल्या भारताच्या किनाऱ्यापर्यंतही ते आले : जानेवारी १८६४ मध्ये त्याने मलबारच्या समुद्रात ‘एम्मा जेन’ हे जहाज जाळले आणि केरळातील अंजेंगो येथे कैदी उतरविले. त्याच जूनमध्ये फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदराबाहेर ते बुडाले. इंग्लंडला या प्रकरणी १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादापुढे दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली.

त्या नौदलयुद्धाची एक वेगळी गोष्ट मॅलरींच्या चरित्राशेजारी ठेवण्याजोगी आहे. १३ मे १८६२ च्या पहाटे, चार्ल्सटन बंदरात, ‘प्लँटर’ नावाच्या दक्षिणेच्या लष्करी वाहतूक जहाजाचे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपावयास गेले होते. जहाजावरचा गुलाम वाटाड्या रॉबर्ट स्मॉल्स याने कप्तानाची गवती हॅट डोक्यावर घातली, आपल्या बायकामुलांना व सोबत्यांना जहाजावर घेतले आणि किल्ल्यांवरील पहारेकऱ्यांना बरोबर खुणेच्या शिट्ट्या देत जहाज थेट उत्तरेच्या आरमाराकडे नेले. पांढरी चादर वर चढविली आणि सर्व मुक्त झाले. हाच स्मॉल्स पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला. त्यालाही समुद्राचे ज्ञान मॅलरींप्रमाणेच बंदरात कष्ट करीत मिळालेले होते, तेही गुलाम म्हणून राबताना.

आता नाकेबंदीकडे पुन्हा वळू, कारण तिचा धागा आपल्या काळ्या जमिनीपर्यंत येतो. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून वेचून येई. आरंभी दक्षिणेने स्वतःच कापूस अडवून धरला, इंग्लंड नाक घासत येईल या भरवशावर. आणि पुढे तो पाठवावा म्हटले तर उत्तरेच्या जहाजांनी वाट अडविली. ती वाट मोकळी करणे हे मॅलरींचे मुख्य काम होते, आणि त्यात ते अयशस्वी ठरले. मँचेस्टरने भारताकडे तोंड वळविले. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी कोट्यधीश झाले, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या वऱ्हाडात ज्वारीची शेते कापसाखाली आली. वऱ्हाडाला लागूनच असलेला आपला नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि तेथे रेल्वे नव्हती. माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून हलत असे.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईचे सट्टेबाज बुडाले, त्यांच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. पण चढत्या भावाच्या काळात सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज दख्खनच्या कुणब्याच्या डोक्यावर तसेच राहिले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या उद्रेकाच्या कारणांत हे कर्जही होते. पुढील दोन-तीन वर्षांत मोठा दुष्काळ आला. नांदेडला पुढे उस्मानशाही मिल उभी राहिली, लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली, आणि कापूस व गळिताच्या पेठा भरभराटल्या. पण कापसाचा भाव दूरदेशीचे कोणी ठरवितो आणि त्याचा फटका येथील कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो, हा अनुभव एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. आमच्या भागात गेल्या काही दशकांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी सांत्वनासाठी जाताना हा इतिहास आम्हांला आठवतो.

मॅलरींवर युद्धकाळात टीका खूप झाली. एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स पडले तेव्हा तेथील दोन चिलखती जहाजे अर्धवट होती. चौकशी बसली आणि ते निर्दोष ठरले. चारही वर्षे एकाच खात्यावर टिकलेले डेव्हिस यांच्या मंत्रिमंडळातील दोघेच : टपालमंत्री रीगन आणि मॅलरी. याच काळात एक घटना घडली. ३ डिसेंबर १८६३ रोजी, पुन्हा संत झेवियरच्याच दिवशी, पोप नववे पायस यांनी जेफरसन डेव्हिस यांच्या पत्राला उत्तर देताना शांततेची इच्छा व्यक्त केली आणि शिष्टाचार म्हणून त्यांना अध्यक्ष म्हणून संबोधिले. दक्षिणेच्या काही लोकांनी त्याचा डांगोरा पिटला की आपल्याला मान्यता मिळाली. तशी मान्यता रोमने कधीच दिली नाही. पण चोवीस वर्षांपूर्वीच्या ३ डिसेंबरच्या पत्राची आठवण त्या वेळी रोमने ठणकावून दिली असती तर, असे आमच्या मनात येऊन जाते.

एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडले. मॅलरी डेव्हिस यांच्यासमवेत दक्षिणेकडे निघाले, वाटेत राजीनामा देऊन जॉर्जियातील ला ग्रेंज येथे कुटुंबाकडे गेले, आणि तेथेच मे महिन्यात पकडले गेले. न्यूयॉर्कच्या लाफायेत किल्ल्यात त्यांनी सुमारे दहा महिने काढले. तेथून त्यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना अर्ज केला : फुटीरतेचा प्रश्न संपला आहे, आपण संघराज्याशी निष्ठावंत राहू. मार्च १८६६ मध्ये सुटका झाली. पेन्साकोलाला परतून त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली. सार्वजनिक पदाची बंदी होती, म्हणून ते वर्तमानपत्रांत लिहीत. आरंभी त्यांनी लोकांना नवी व्यवस्था स्वीकारण्याचा सल्ला दिला. नंतर मात्र मुक्त झालेल्या काळ्या लोकांना मताधिकार देण्यास ते विरोध करीत राहिले.

हा विरोधच आम्हांला सर्वांत बोचतो. युद्धकाळात मनुष्य प्रवाहाबरोबर वाहतो, प्रांताची निष्ठा, मित्रांचा आग्रह, हे समजू शकते. पण पराभवानंतर, तुरुंगानंतर, निवांतपणी लेखणी हाती घेऊनही त्यांना आपल्या दारातील माणूस माणूस दिसला नाही. त्यांचे सविस्तर चरित्र १९५४ मध्ये जोसेफ डर्किन या येशूसंघीय इतिहासकाराने लिहिले. मॅलरी प्रेमळ पिता होते, पत्नीनिष्ठ होते, आपल्या धर्माशी प्रामाणिक होते. हे सारे खरे मानूनच आमचा प्रश्न उभा राहतो, आणि तो एकट्या मॅलरींपुरता नाही. मराठवाड्यातील ज्या घरांना धर्मगुरूंनी पहिल्यांदा ओट्यावर बसून पाणी मागितले, त्या घरांना आम्ही हे सांगितलेच पाहिजे की, आपल्याच ख्रिस्तसभेतील काही भल्या माणसांनी दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका गावकुसाची राखण केली. युवा मेळाव्यातील यादीत मॅलरींचे नाव घालावे की नाही, असे कोणी आम्हांला विचारले तर आम्ही म्हणू : अवश्य घालावे, पण टाळ्यांसाठी थांबू नये, आणि स्मॉल्सचे नाव लगेच पुढे घ्यावे.

त्यांचा मुलगा, तोही स्टीफन मॅलरी, पुढे पित्याप्रमाणेच फ्लोरिडाचा सिनेटर झाला. की वेस्टच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका चौकाला मॅलरींचे नाव आहे. तेथे रोज सायंकाळी सूर्यास्त पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होते. त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, १८६० च्या उन्हाळ्यात पुरलेल्या आफ्रिकी लोकांच्या कबरी कित्येक पिढ्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. २००२ मध्ये जमिनीखाली पाहणाऱ्या रडार यंत्राने वाळूखालच्या काही कबरी दाखविल्या. आता तेथे कुंपण आणि स्मारक आहे. चौकापासून ती जागा पायी गाठता येते.